खाद्यरंग

खाद्यपदार्थास इष्ट रंग यावा, प्रक्रियेत उडालेला त्याचा मूळ रंग परत मिळावा किंवा वेगवेगळ्या वेळी तयार झालेला माल एकसारखा दिसावा या हेतूंनी त्यात मुद्दाम मिसळण्यात येणाऱ्या रंजकद्रव्यांस खाद्यरंग म्हणतात. परिरक्षके, स्वादकारके, पायसीकारके इत्यादींप्रमाणे खाद्यरंगांचीही गणना अन्नातील समावेशकांत होते. तथापि या वर्गात त्यांचे स्थान काहीसे वेगळे आहे. परिरक्षक न घातल्यास अन्न नासून विषबाधा होण्याचा धोका असतो व त्यामुळे परिरक्षकाचे गुण आणि दोष यांची तुलना करता येते. रंगाच्या बाबतीत तराजूचे दुसरे पारडे जवळजवळ रिकामे असते. कॅरोटिनासारखे थोडे अपवाद सोडल्यास रंगाने अन्नाचे पोषणमूल्य वाढत नाही, ते अधिक टिकत नाही की अधिक पचत नाही. ते फक्त डोळ्यांना बरे दिसते. म्हणूनच समावेशकांच्या आरोग्यावरील परिणामांविषयीचे अनेक महत्त्वाचे वाद प्रथम रंगांवरून झाले. एखादा रंग अपायकारक आहे हे ग्राहकाने व शासनाने सिद्ध करावयाचे की तो निरुपद्रवी आहे हे वापरणाऱ्याने, हा प्रश्न या साऱ्या वादांच्या मुळाशी आहे आणि त्याचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांत हळूहळू बदलत गेले आहे.

अन्नास रंग देण्याची प्रथा फार जुनी आहे. केशर, हळद, पालेभाज्यांचा रस, आमसूल, रतनजोताची मुळे ही भारतीय स्वयंपाकघरातील जुनी रंगद्रव्ये होत. अमेरिका खंडाशी संबंध आल्यावर यूरोपात कोचिनील किड्यांपासून मिळणारा किरमिजी रंग आणि शेंदरी या झुडपाच्या बियांपासून मिळणारा नारिंगी रंग यांचा प्रसार झाला. मौल्यवान रंगात भेसळ करण्याचा प्रकारही तितकाच जुना आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात केशराची तपासणी करणारी स्वतंत्र व्यवस्था होती व १५व्या शतकात तेथे भेसळीचे केशर विकणाऱ्यास त्याच्या मालासह जाळण्याची शिक्षा देण्यात आली होती. मात्र या काळातील कायद्यांचा रोख ग्राहकाच्या फसवणुकीवर होता. त्याच्या प्रकृतीचा विचार त्यांत क्वचितच आढळतो.

खनिज रंगांचा काळ : औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमधील शहरांची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि अन्न तयार करणारा व ते खाणारा यांच्यामध्ये दलालांची साखळी उभी राहिली. या साखळीत काय घडू शकते, याचे उद्‌बोधक उदाहरण फ्रीड्रिख आकुम या लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नभेसळीवरील ग्रंथात दिले आहे. ग्लॉस्टर येथील चीज खाल्ल्याने एका गृहस्थास वारंवार पोटशूळ उठे. शोध घेता चीजमध्ये शिसे सापडले. चीज करणाऱ्याने ते शेंदरीच्या बियांच्या रंगाने रंगविले होते व ही प्रथा सर्वमान्य होती. रंग विकणाऱ्याने आपला माल फिकट दिसतो म्हणून त्यात हिंगूळ मिसळला होता. हिंगूळ विकणाऱ्याने, तो घरे रंगविण्यासाठीच वापरला जाणार या समजुतीने, त्यात शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड घातले होते. तिघांपैकी कोणाच्याही मनात विष घालण्याचा हेतू नव्हता; तरीही शिसे जेवणाच्या टेबलावर पोहोचले. अन्नातील रंगाच्या शुद्धतेचा प्रश्न हा त्यामागील साऱ्या व्यापाराच्या शुद्धतेचा प्रश्न असतो, हे या प्रकरणावरून प्रथमच स्पष्ट झाले. लोणची हिरवीगार दिसावीत म्हणून ती तांब्याच्या भांड्यात उकळणे किंवा त्यांत तांब्याचे क्षार घालणे, मुलांच्या मिठायांत शिशाची व तांब्याची रंगद्रव्ये वापरणे, असे अनेक प्रकार आकुम यांनी उघडकीस आणले व शिक्षा झालेल्या व्यापाऱ्यांची नावेही छापली. त्यांना शत्रू पुष्कळ झाले. ग्रंथालयातील पुस्तकांची पाने फाडल्याचा आरोप आल्यावर त्यांनी लवकरच इंग्लंड सोडले आणि त्यांचे कार्य तेथेच थांबले.

तीस वर्षांनी ते आर्थर हिल हॅसल या वैद्याने पुन्हा हाती घेतले. द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक टॉमस वेकली यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी १८५१ ते १८५४ या काळात लंडनमधील दुकानांतून शेकडो नमुने विकत आणून सूक्ष्मदर्शकाने व रासायनिक रीतीने तपासले आणि निष्कर्ष दुकानदारांच्या नावापत्त्यांसह प्रसिद्ध केले. पिवळ्या मिठायांत लेड क्रोमेट, तांबड्यांत शेंदूर व हिंगूळ, हिरव्यांत तांबे व सोमल यांचे संयुग अशी विषारी द्रव्ये त्यांना सापडली. या मिठाया प्रामुख्याने गरिबांची मुले पैसा-अर्ध्या पैशाला घेत असत. संसदीय समितीच्या चौकशीनंतर १८६० मध्ये पहिला भेसळविरोधी कायदा झाला. परंतु रासायनिक तपासनीस नेमणे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोपविलेले असल्याने तो बहुतांशी कागदावरच राहिला. परिणामकारक तरतुदी १८७५ च्या कायद्याने आल्या. जर्मनीने १८८७ मध्ये स्वतंत्र कायदा करून सोमल, शिसे, पारा इ. असलेली रंगद्रव्ये अन्नात घालण्यास मनाई केली. या सर्व कायद्यांची रीत एकच होती : जे विषारी ठरले ते वर्ज्य आणि ज्याविषयी काही ठाऊक नाही ते चालू.

डांबरी रंग : ही रीत अपुरी पडण्याचे कारण कायदे होत असतानाच निर्माण झाले होते. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने क्विनीन तयार करण्याच्या प्रयत्नात दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनापासून जांभळा रंग मिळविला. त्यानंतरच्या काही दशकांत अशा कृत्रिम रंगांची संख्या शेकड्यांनी वाढली. कापडासाठी तयार झालेले हे रंग स्वस्त, तेजस्वी व पक्के होते आणि ते अत्यल्प प्रमाणात पुरत. खाद्यव्यवसायाने ते तत्काळ उचलले. फ्रान्समध्ये फिकट वाइनला फ्युक्सिन या किरमिजी रंगाने गडद करण्यात येऊ लागले. या रंगाच्या निर्मितीत सोमल वापरला जाई व त्याचे अंश रंगात राहून जात. शेंदरीसारख्या वनस्पतिज रंगांची बाजारपेठ आक्रसली. खनिज विषे गेली हे खरे. पण त्यांच्या जागी आलेल्या द्रव्यांच्या शरीरातील परिणामांविषयी कोणासच माहिती नव्हती. तत्काळ उलटी वा पोटशूळ होत नाही, एवढाच काय तो त्यांच्या बाजूचा पुरावा होता.

रंगाचा प्रश्न केवळ विषाचा नसून ओळखीचाही असतो, हे याच काळातील लोण्याच्या वादावरून दिसते. मार्गारीन हे स्वस्त कृत्रिम लोणी मुळात पांढरट असते. त्यास लोण्याचा पिवळा रंग देऊ नये म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दुग्धव्यावसायिकांनी आंदोलन केले. १९०२ च्या कायद्याने रंगविलेल्या मार्गारीनवर पौंडास दहा सेंट आणि न रंगविलेल्यावर पाव सेंट कर बसला. काही राज्यांनी तर मार्गारीन गुलाबी रंगवूनच विकले पाहिजे असा कायदा केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये रद्द ठरविला. लोणी मात्र हिवाळ्यात फिकट होते म्हणून रंगविण्यास खुशाल परवानगी होती! केंद्रीय कर १९५० मध्ये रद्द झाला. विस्कॉन्सिन या दुग्धप्रधान राज्यातील बंदी १९६७ पर्यंत टिकली.

भारतात याच प्रश्नाने उलट रूप घेतले. साजुक तुपात वनस्पती तुपाची भेसळ सर्रास होऊ लागल्यावर, वनस्पती तूप ओळखू यावे म्हणून ते रंगवावे अशी मागणी स्वातंत्र्याच्या सुमारास जोराने पुढे आली. निरुपद्रवी, तापविल्यावर टिकणारा आणि भेसळ करणाऱ्यास काढून टाकता न येणारा असा रंग हवा होता. तो समाधानकारकपणे मिळू शकला नाही. अखेर वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे करण्यात आले. तिळाच्या तेलातील विशिष्ट घटकामुळे फरफुराल व हायड्रोक्लोरिक अम्ल यांच्याशी संयोग होताच लालगुलाबी रंग येतो व तुपातील भेसळ लगेच कळते. बोदुईं परीक्षा या नावाने ती ओळखली जाते. अन्नात रंग न घालता परीक्षानळीत रंग उमटविण्याची ही युक्ती, प्रस्तुत लेखकाच्या मते, खाद्यरंगांच्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाच्या उपायांपैकी एक आहे.

अनुमत रंगांची सूची : ‘वर्ज्य’ द्रव्यांऐवजी ‘अनुमत’ द्रव्यांची सूची करण्याची कल्पना अमेरिकेत प्रथम नीट राबविली गेली. तेथील कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वी वॉशिंग्टन वायली यांनी १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांना टाकणखार, फॉर्माल्डिहाइड, सल्फ्यूरस अम्ल इ. परिरक्षके जेवणातून देऊन त्यांचे परिणाम नोंदविले होते. या प्रयोगांना मोठी प्रसिद्धी मिळाली व १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषधी कायदा संमत झाला. रंगांच्या चौकशीचे काम बर्नहार्ड हेस या रंगरसायनतज्ञाकडे आले. बाजारात अन्नासाठी विकले जाणारे सुमारे ८० डांबरी रंग त्यांनी विचारात घेतले. त्यांतील कित्येकांची चाचणी कोणी घेतलीच नव्हती, तर कित्येकांविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी होते. शेवटी १९०७ मध्ये केवळ सात रंगांना मान्यता देण्यात आली : तीन तांबडे (अमरंथ, पोंसो ३आर, एरिथ्रोसीन) आणि नारिंगी (ऑरेंज १), पिवळा (नॅप्थॉल यलो एस), हिरवा (लाइट ग्रीन एसएफ) व निळा (इंडिगो कार्मीन) असे प्रत्येकी एक. ब्रिटनने अशी अनुमत सूची १९५७ मध्ये केली. तोपर्यंत तेथे वर्ज्य रंगांचीच यादी होती.

हेस यांची सूची हे फार मोठे पाऊल होते. परंतु तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. या सात रंगांविरुद्ध त्या वेळी पुरावा नव्हता. पुरावा नसणे आणि धोका नसणे यांतील अंतर पुढच्या शंभर वर्षांत त्या सातांपैकी एकेका रंगाने दाखवून दिले.

पहिला धक्का कर्करोगाच्या संशोधनाने दिला. जपानमधील यामागिवा व इचिकावा यांनी १९१५ मध्ये सशांच्या कानांना दीर्घकाळ डांबर चोपडून त्वचेचा कर्करोग निर्माण करून दाखविला होता. १९३० नंतरच्या दशकात जपानमध्येच डांबरी रंगांवर लक्ष केंद्रित झाले आणि बटर यलो हा लोण्यासाठी वापरला जाणारा रंग दीर्घकाळ खाऊ घातल्यास उंदरांच्या यकृतास कर्करोग होतो, असे किनोसिता यांनी दाखविले. एका दिवसात काहीच न करणारे द्रव्य वर्षानुवर्षांनी प्राण घेऊ शकते, ही जाणीव अन्नविषयक कायद्यांना नवीन होती.

बटर यलो व पुष्कळसे खाद्यरंग ॲझो या गटात मोडतात. त्यांच्या रेणूचे दोन भाग दोन नायट्रोजन अणूंच्या पुलाने जोडलेले असतात. मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतू हा पूल तोडतात व ॲमाइने मुक्त होतात. पुलाच्या दोन्ही बाजूंस सल्फॉनिक अम्लाचा गट जोडलेला असल्यास सुटणारी दोन्ही ॲमाइने पाण्यात विद्राव्य असतात, आतड्यात फारशी शोषली जात नाहीत आणि शरीराबाहेर टाकली जातात. सनसेट यलो हे याचे उदाहरण होय. बटर यलोत असा गट एकाही बाजूस नाही. तो चरबीत विरघळतो व यकृतात पोहोचतो. ऑरेंज १ व भारतात कुप्रसिद्ध झालेला मेटॅनिल यलो यांत तो एकाच बाजूस असतो, म्हणून दुसरा अर्धा भाग मोकळा सुटतो. हा ठोकताळा उपयुक्त आहे. परंतु तो सर्वत्र लागू पडत नाही, हे पुढे अमरंथवरून दिसून आले.

१९५० मध्ये अमेरिकेत हॅलोवीनच्या सणात वाटलेल्या नारिंगी मिठाईने अनेक मुले आजारी पडली. तीत ऑरेंज १ हा शासनमान्य सातांपैकी एक रंग भरमसाट प्रमाणात होता. त्याच सुमारास जेम्स डिलेनी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने अन्नातील रसायनांची चौकशी सुरू केली. ऑरेंज १ ची मान्यता १९५६ मध्ये काढून घेण्यात आली. १९५८ मध्ये समावेशकांसाठी व १९६० मध्ये रंगांसाठी झालेल्या दुरुस्त्यांनी दोन गोष्टी ठरल्या. निर्धोकपणा सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली आणि मनुष्यात वा प्राण्यात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य कोणत्याही प्रमाणात निर्धोक मानू नये, असे डिलेनी यांच्या नावाने ओळखले जाणारे कलम कायद्यात आले [→ कर्करोग].

या कठोर कलमाची कसोटी अमरंथ व एरिथ्रोसीन या दोन तांबड्या रंगांवर लागली. अमरंथाच्या दोन्ही बाजूंस सल्फॉनिक गट असल्याने तो आदर्श मानला जाई. १९७० च्या सुमारास सोव्हिएट संशोधकांनी त्यावर कर्करोगाचा व गर्भावरील दुष्परिणामांचा संशय व्यक्त केला. अमेरिकेत केलेल्या चाचण्यांतून निर्णायक निष्कर्ष निघाला नाही. पण निर्धोकपणाही सिद्ध होईना, म्हणून १९७६ मध्ये तेथे त्यावर बंदी आली. यूरोपात मात्र मोजक्या पदार्थांत तो आजही अनुमत आहे. तोच पुरावा दोन देशांत दोन निर्णय देऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. एरिथ्रोसिनाचे प्रकरण अधिक लांबले. मोठ्या मात्रेत तो दिलेल्या नर उंदरांत अवटू ग्रंथीची अर्बुदे आढळल्याने अमेरिकेने १९९० मध्ये सौंदर्यप्रसाधनांतील त्याचे काही उपयोग थांबविले, परंतु अन्नातील उपयोग चालू ठेवला. ओठांना लावण्यास बंदी आणि गिळण्यास परवानगी अशी ही विचित्र स्थिती ३५ वर्षे टिकली. १५ जानेवारी २०२५ रोजी अन्नातील मान्यताही रद्द झाली व उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत देण्यात आली. उंदरांतील ही प्रक्रिया मानवात घडत नाही असे शासनाचेच मत होते. तरी कलमाच्या शब्दांपुढे दुसरा पर्याय नव्हता. हेस यांच्या सातांपैकी अमेरिकेच्या सूचीत त्यानंतर एकटा इंडिगो कार्मीन उरतो.

मात्रेचा हिशोब : बहुतेक देश संपूर्ण निषेधापेक्षा मात्रेच्या मर्यादेवर भर देतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची समावेशकविषयक संयुक्त तज्ञ समिती १९५६ पासून काम करीत आहे. प्राण्यांत कोणताही दुष्परिणाम न घडविणारी सर्वांत मोठी मात्रा काढून तिचा सामान्यतः शंभरावा भाग मनुष्यास आयुष्यभर दररोज चालू शकेल, असे ही समिती मानते. टार्ट्राझिनासाठी ही मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किग्रॅ.ला १० मिग्रॅ., सनसेट यलोसाठी ४ मिग्रॅ. व एरिथ्रोसिनासाठी फक्त ०·१ मिग्रॅ. आहे. हे आकडे कागदावर दिसतात त्याहून व्यवहारात अधिक बोलके आहेत. १५ किग्रॅ. वजनाच्या, म्हणजे साधारण चार वर्षांच्या, मुलास एरिथ्रोसीन दिवसाला दीड मिग्रॅ. चालते. भारतीय नियमांनुसार तयार पदार्थात दर किग्रॅ.मागे सर्वसाधारणपणे १०० मिग्रॅ. रंग घालता येतो. या मर्यादेइतका एरिथ्रोसीन असलेली गुलाबी मिठाई केवळ १५ ग्रॅ., म्हणजे तीन-चार गोळ्या, खाल्ल्या की मुलाची त्या दिवसाची मर्यादा संपते. एखाद्या दिवशी ती ओलांडल्याने विषबाधा होत नाही. परंतु कायद्यात बसणारा पदार्थ आणि कायद्यात बसणारा आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत काही व्यक्तींचे टार्ट्राझीन, सनसेट यलो व एरिथ्रोसीन यांचे सेवन मर्यादेपलीकडे गेल्याचे आढळले होते.

अनुमत रंगांचे इतर परिणाम थोडक्यात असे : टार्ट्राझिनाने काही थोड्या व्यक्तींत पित्ताच्या गांधी उठतात व दम्याचा त्रास वाढतो; ॲस्पिरीन न सोसणाऱ्यांत हे अधिक आढळते. मुलांच्या चंचलतेशी रंगांचा संबंध असावा, हे मत बेन फाइनगोल्ड या अमेरिकन ॲलर्जीतज्ञाने १९७३ मध्ये मांडले व त्यावर कित्येक वर्षे वाद झाला. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन वर्षांची १५३ व आठ-नऊ वर्षांची १४४ मुले होती. रंग आणि सोडियम बेंझोएट यांची मिश्रणे घेतल्यावर त्यांच्या चंचलतेत सरासरीने लहानशी, पण दखल घेण्याजोगी वाढ दिसली. सर्वच मुलांत ती दिसली नाही आणि कोणत्या घटकामुळे ती झाली हे सांगता आले नाही. तरीही या प्रयोगातील सहा रंग असलेल्या पदार्थांवर मुलांच्या वर्तनावर व एकाग्रतेवर प्रतिकूल परिणाम होण्याची शक्यता असल्याची सूचना छापणे यूरोपीय संघाने जुलै २०१० पासून सक्तीचे केले. परिणामी तेथील अनेक उत्पादकांनी ते रंगच सोडून दिले. या सहांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन व पोंसो ४आर हे चार रंग भारतात अनुमत आहेत.

‘नैसर्गिक’ या शब्दाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कोचिनीलच्या रंगाने काहींना तीव्र ॲलर्जी होते. टायटॅनियम डाय-ऑक्साइड हे खनिज पांढरे रंगद्रव्य जनुकद्रव्यास इजा करण्याची शक्यता नाकारता येत नाही म्हणून यूरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नातून काढले, तर उपर्युक्त संयुक्त तज्ञ समितीने २०२३ मध्ये ते पुन्हा निर्धोक मानले.

भारतातील स्थिती : ब्रिटिश अमदानीत भेसळीचे कायदे प्रांतवार होते, मुंबई इलाख्याचा कायदा १९२५ चा. अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम १९५४ हा १ जून १९५५ पासून देशभर लागू झाला व त्याखालील नियमांनी अनुमत कृत्रिम रंगांची सूची ठरली. एके काळी तीत अमरंथही होता. पुढे ती आठ रंगांवर आली : पोंसो ४आर, कार्मोइसीन, एरिथ्रोसीन, टार्ट्राझीन, सनसेट यलो, इंडिगो कार्मीन, ब्रिलियंट ब्ल्यू व फास्ट ग्रीन. मिठाई, आइसक्रीम, बिस्किटे, सरबते अशा ठराविक पदार्थांतच ते घालता येतात. मसाले, डाळी, चहा यांत नाही. १९५४ च्या अधिनियमाची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ याने घेतली असून त्याखालील विनियम ऑगस्ट २०११ पासून अंमलात आले [→ भेसळ].

सूची लहान व नियम कडक असले, तरी भारतातील खरा धोका सूचीतील रंगांपेक्षा सूचीबाहेरील रंगांचा आहे. अनुमत खाद्यरंग शुद्ध करावा लागतो व म्हणून महाग पडतो. कापडाचा वा चामड्याचा रंग त्याच छटेत स्वस्त मिळतो आणि सुटा माल विकणाऱ्या लहान व्यावसायिकास कित्येकदा दोहोंतील फरकही माहीत नसतो. मेटॅनिल यलो हा त्यांतील सर्वांत जुना अपराधी. जिलबी, लाडू, डाळी व हळदपूड यांत तो वारंवार सापडला आहे. लखनौ येथील औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात व अन्यत्र प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांत यकृत, वृषण व मज्जासंस्था यांवर त्याचे दुष्परिणाम दिसून आले. हळदीतील मेटॅनिल यलो हायड्रोक्लोरिक अम्लाने किरमिजी होतो; शुद्ध हळदही अम्लाने गुलाबी होते, पण पाणी घातल्यावर तो रंग जातो, भेसळीचा टिकून राहतो. रोडामीन बी हा चमकदार गुलाबी रंग २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी येथे ‘म्हातारीचे केस’ या मुलांच्या मिठाईत सापडला. तमिळनाडू व कर्नाटक या राज्यांनी लगोलग बंदीचे आदेश काढले. सूदान १ हा मेणासाठी व तेलांसाठी वापरला जाणारा तांबडा रंग भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत आढळल्याने २००५ मध्ये ब्रिटनमध्ये चारशेंहून अधिक तयार पदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. एका पुडीचा रंग सॉसमध्ये व सॉसमधून शेकडो पदार्थांत गेला, ही साखळी आकुम यांच्या चीजच्या साखळीहून फारशी निराळी नाही.

हॅसल यांना लंडनच्या मिठायांत सापडलेले लेड क्रोमेटही अद्याप इतिहासजमा झालेले नाही. हळकुंडे वाळविल्यावर फिरत्या पिंपात घासून त्यांची साल काढतात व त्यांना झिलई देतात. या वेळी लेड क्रोमेटाची पिवळी पूड टाकल्यास किडलेली वा भिजून काळवंडलेली हळकुंडेही सोन्यासारखी दिसतात. बांगलादेशात १९८० नंतरच्या दशकात पुराने हळद खराब झाली तेव्हा ही युक्ती रूढ झाली, असे तेथील उत्पादकांनी संशोधकांना सांगितले. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ कायमची खुंटते व त्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ व बांगलादेशातील संशोधक यांनी २०१९ मध्ये गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग काढीत तो हळदीपर्यंत नेला. नंतरच्या पाहणीत भारतातही, विशेषतः पाटणा येथील नमुन्यांत, शिशाचे प्रमाण अनुमत मर्यादेच्या कितीतरी पट आढळले. बांगलादेश शासनाने वृत्तपत्रांतून व बाजारांत लावलेल्या पत्रकांतून लोकांना सावध केले, क्ष-किरणांवर चालणारी हातात धरण्याजोगी उपकरणे घेऊन ढाक्यातील घाऊक बाजारात तपासणी केली व दोषी व्यापाऱ्यांना सर्वांसमक्ष दंड केला. शिसे असलेल्या हळदीच्या नमुन्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते. २०२१ मध्ये ते शून्यावर आले आणि हळदीच्या गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही घटले.